कोळशावरचा नाताळचा रिब रोस्ट : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत नाताळच्या जेवणाला टेबलाच्या मधोमध जो मोठा भाजलेला तुकडा येतो, तो बऱ्याच घरांत स्टँडिंग रिब रोस्ट असतो. हा गोमांसाचा, बरगड्यांसकट भाजलेला भाग, आणि दुकानात त्याला सर्रास प्राइम रिब म्हणतात. एरवी तो ओव्हनमध्ये होतो. पण झाकणाच्या कोळशाच्या ग्रिलवर केला तर वरचा थर जास्त खमंग होतो, मांसाला लाकडाच्या धुराचा हलका वास लागतो, आणि सणाच्या दिवशी ओव्हन बाकीच्या पदार्थांसाठी मोकळा राहतो. तुकडा महाग असतो, म्हणून नवखा माणूस त्याला हात लावायला घाबरतो. प्रत्यक्षात हा ग्रिलवरच्या सोप्या कामांपैकी एक आहे. मात्र दोन गोष्टींत तडजोड चालत नाही: आंच सुरुवातीला मंद हवी, आणि मांस झालं की नाही हे थर्मामीटरने ठरवायचं, घड्याळाने नाही.

इथली सगळी तापमानं फॅरनहाइटमध्ये दिली आहेत, कारण अमेरिकेतले ग्रिल आणि थर्मामीटर त्यातच बोलतात. गरज आहे तिथे सेल्सिअसही दिलं आहे.

कुठला तुकडा, किती मोठा

गाईच्या सहाव्या ते बाराव्या बरगडीपर्यंतचा भाग रिबचा. म्हणजे पूर्ण रोस्ट सात हाडांचा असतो, पण दुकानात दोन हाडांपासून पुढे हवा तेवढा कापून मिळतो. हिशेब सोपा आहे: एका हाडात दोन माणसं, खाणारी मंडळी असतील तरी. सहा-सात जणांना तीन हाडांचा रोस्ट पुरतो. त्याचं वजन साधारण ७ ते ८ पाउंड, म्हणजे सव्वातीन ते साडेतीन किलो भरतं.

बुचरकडे मागताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, ‘लॉइन एन्ड’ हवा, म्हणजे दहा ते बारा क्रमांकाच्या बरगड्या. या बाजूला मधला मुख्य गोल स्नायू मोठा आणि एकसंध असतो, त्यामुळे सगळीकडे सारखा शिजतो आणि कापायलाही सोपा. खांद्याकडच्या टोकाला चरबी जास्त, चवही गडद, पण तिथे स्नायू तीन-चार तुकड्यांत विभागलेले असतात. चरबीची आवड असलेल्यांनी तेच टोक घ्यावं, पहिल्या वेळेला मात्र लॉइनकडचं बरं. दुसरी, ‘चाइन बोन’ काढून द्या म्हणावं. हा पाठीच्या कण्याचा भाग. तो राहिला तर टेबलावर सुरी हाडावर अडते आणि कापच पडत नाहीत. तिसरी, बरगड्या मांसापासून सोडवून परत जागेवर बांधून द्यायला सांगा. यामुळे हाडामागेही मीठ लावता येतं आणि शेवटी दोरा कापला की हाडं अलगद बाजूला होतात.

नावाने फसू नका. प्राइम रिब असं लेबलवर लिहिलं म्हणून ते मांस प्राइम प्रतीचं असेलच असं नाही. प्रत अमेरिकेचं कृषी खातं ठरवतं, आणि तिचे नेहमी दिसणारे दर्जे तीन: प्राइम, चॉइस, सिलेक्ट. फरक मुख्यतः मांसात पसरलेल्या चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषांचा. चॉइसमधला नीट निवडलेला तुकडा या कामाला पुरेसा आहे. सिलेक्ट टाळा, मंद आंचेवरही तो कोरडा पडतो. डिसेंबरात बऱ्याच दुकानांत रिब रोस्टवर सवलत लागते, पण शेवटच्या आठवड्यात मनासारखा तुकडा मिळणं कठीण, म्हणून आधी सांगून ठेवा. गोठवलेला आणला तर साडेतीन किलोच्या तुकड्याला फ्रिजमध्ये सुटायला दोन दिवस लागतात. ओट्यावर ठेवून सोडवू नका.

लेबलवर आणखी एक शब्दप्रयोग शोधा: ‘ब्लेड टेंडराइज्ड’ किंवा ‘मेकॅनिकली टेंडराइज्ड’. मांस मऊ व्हावं म्हणून त्यात बारीक पात्यांनी भोकं पाडलेली असतात. अखंड तुकड्यात जिवाणू पृष्ठभागावर असतात आणि तिथली आंच त्यांना मारते. भोकं पाडली की ते आत ढकलले जातात. असा तुकडा मधून गुलाबी ठेवण्याच्या कामाचा नाही.

रिबचा खर्च नको असेल तर त्याच पद्धतीने ट्राय-टिप करा. कॅलिफोर्नियाच्या सँटा मारिया भागात तो रेड ओकच्या निखाऱ्यांवर भाजतात. दोन-अडीच पाउंडाचा त्रिकोणी तुकडा, तासाभरात होतो, चार जणांना पुरतो. पण चक रोस्ट (खांद्याचा तुकडा) किंवा ब्रिस्केट (छातीचा) स्वस्त दिसले म्हणून या पद्धतीने करायला जाऊ नका. ते कष्टाचे स्नायू, त्यांतल्या जाड तंतूंचं जेलाटिन व्हायला १६० अंशांच्या वर कित्येक तास लागतात. १३० अंशांना उतरवले तर ते चामड्यासारखे चिवट लागतील.

महाराष्ट्रात राहून हे वाचत असाल तर एक गोष्ट आधीच सांगायला हवी. राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे हा रोस्ट तिथे होणारा नाही. बाजारात म्हशीचं मांस मिळतं, पण ते कमी चरबीचं आणि चिवट. त्याला गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत होतो तसा भांड्यातला, व्हिनेगर-लसूण-मिरीतला, झाकण ठेवून सावकाश शिजवलेला रोस्टच शोभतो. कोळशावरची ही पद्धत मटणाच्या अख्ख्या मांडीला मात्र चपखल बसते. तीच तयारी, तीच आंच, तेच थर्मामीटर.

मीठ, आणि मसाल्याबद्दल थोडं स्पष्ट

रोस्ट करायच्या दोन दिवस आधी, निदान आदल्या रात्री, मीठ लावायचं. प्रमाण वजनावर: दर किलोला १० ग्रॅम. साडेतीन किलोला ३५ ग्रॅम. चमच्याने मोजायचा मोह होतो, पण तिथेच चूक होते. डायमंड क्रिस्टल या ब्रँडचं कोशर मीठ (जाड दाण्यांचं मीठ) हलकं आणि पोकळ, ३५ ग्रॅमला त्याचे चार मोठे चमचे लागतात. मॉर्टनचं कोशर मीठ घेतलं तर सव्वादोन पुरतात. रोजचं बारीक मीठ घेतलं तर दोनच. पाककृतीत चार चमचे लिहिलेत म्हणून बारीक मीठ चार चमचे घातलं, तर रोस्ट खारट होऊन वाया जाणार. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा वापरा.

मांस कागदी रुमालाने टिपून कोरडं करा. हाडं सोडवलेली असतील तर दोरा सोडून त्यांच्या मागेही मीठ लावा. वरच्या चरबीवर सुरीने उभ्या-आडव्या चिरा द्या, फक्त चरबीपुरत्या, मांसात जाऊ न देता. मग सगळीकडे मीठ चोळून, जाड सुती दोऱ्याने दर दीड इंचावर बांधा. नायलॉनचा किंवा रंगीत दोरा चालत नाही. बांधल्यामुळे तुकडा गोल राहतो आणि सगळीकडून सारखा शिजतो. ट्रेवर जाळी, जाळीवर रोस्ट, आणि फ्रिजमध्ये उघडाच. झाकू नका. पहिल्या तासात मीठ पाणी बाहेर ओढतं, तुकडा ओलसर दिसतो. मग तेच खारं पाणी हळूहळू आत मुरतं. दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग गडद लाल आणि हाताला कोरडा लागतो. हा कोरडेपणाच आपल्याला हवा असतो, कारण ओल्या पृष्ठभागाची सगळी उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात जाते. तेवढा वेळ तो २१२ अंशांवरच अडकून राहतो, आणि तपकिरी खमंगपणा यायला त्याला ३०० च्या आसपास पोचावं लागतं.

म्हणूनच आपल्याकडची मटणाची सवय इथे बाजूला ठेवावी लागते. दही, आलं-लसणाचं वाटण, हळद-तिखट लावून रात्रभर मुरवणं हे रस्सा, टिक्का यांना योग्य आहे. चार-पाच इंच जाडीच्या तुकड्यात ते वाटण काही मिलिमीटरच्या पुढे शिरत नाही. आत शिरतं ते फक्त मीठ. वर राहिलेला ओला थर खमंग होऊ देत नाही, आणि शेवटच्या कडक आंचेवर हळद-तिखट करपून कडवट होतं. मसाला हवाच असेल तर तो कोरडा आणि जाडसर ठेवा: दोन मोठे चमचे भरड काळी मिरी, एक चमचा भरडलेले धणे, थोडं वाळलेलं रोझमेरी आणि थाइम. हे भाजायच्या अगदी आधी, चमचाभर तेल चोळून त्यावर लावा. तिखटाची हौस सॉसमध्ये भागवता येते.

ग्रिल मांडणं

खालचं वर्णन २२ इंची गोल केटल ग्रिलचं आहे, वेबर कंपनीचं असतं तसं. या ग्रिलला खाली एक आणि झाकणावर एक, अशा हवेच्या दोन झडपा असतात. कोळसा ब्रिकेटचा, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या एकसारख्या वड्यांचा घ्या. लाकडी कोळशाचे तुकडे लहानमोठे असल्याने आंच चढते-उतरते, आणि नवख्याला ती सांभाळणं जड जातं.

कोळसा पेटवायला चिमणी स्टार्टर वापरा: पत्र्याचं नळकांडं, खाली कागद, वर कोळसा. कोळशावर ओतायचं पेट्रोलियमचं द्रव आणि तेच लावून येणारा ‘मॅच लाइट’ प्रकारचा कोळसा, दोन्ही टाळा. चार तासांच्या भाजण्यात त्याचा वास मांसात उतरतो.

ग्रिलच्या एका कडेला २५ न पेटवलेले ब्रिकेट रचा. चिमणीत आणखी २५ पेटवा. पंधरा-वीस मिनिटांत त्यांच्या कडांवर राखाडी थर येईल, तेव्हा ते रचलेल्या ढिगावर ओता. वरचे खालच्यांना हळूहळू पेटवत जातात, त्यामुळे आंच जास्त वेळ टिकते. दुसऱ्या अर्ध्या भागात कोळसा अजिबात नको. तिथे खाली अॅल्युमिनियमचा ट्रे ठेवून त्यात बोटभर गरम पाणी घाला. गळणारी चरबी त्यात पडते, भडका उडत नाही, आणि पाण्यामुळे आंचही एकसारखी राहते. निखाऱ्यांवर ओक किंवा हिकरीच्या लाकडाचे मुठीएवढे एक-दोन तुकडे ठेवा. जास्त नको. धूर विरळ, निळसर हवा. पांढरा दाट धूर निघत असेल तर लाकूड नीट पेटलेलं नाही, तो निवळेपर्यंत मांस ठेवू नका.

झाकण लावताना वरची झडप मांसाच्या बाजूला यावी, म्हणजे धूर मांसावरून फिरून बाहेर जातो. वरची झडप पूर्ण उघडी ठेवा आणि आंच खालच्या झडपेने आवरा. सुरुवातीला ती पाव ते अर्धी उघडी असू द्या. जाळीजवळ २२५ ते २५० अंश, म्हणजे साधारण ११० ते १२० सेल्सिअस, हे लक्ष्य. झाकणावरच्या घड्याळासारख्या थर्मामीटरवर विसंबू नका. तो वर घुमटात असतो, जाळीजवळचं तापमान बरंच वेगळं असू शकतं.

दोन सळयांचा थर्मामीटर घ्या, एक सळई मांसात आणि एक जाळीवर मांसापासून दोन इंचांवर. ग्रिलखालोखाल खर्च करावा अशी हीच वस्तू. आदल्या दिवशी तपासून घ्या: बर्फाच्या पाण्यात ३२ अंश दाखवायला हवा, उकळत्या पाण्यात २१२. डेन्व्हरसारख्या उंच गावी पाणी २०३ च्या सुमारासच उकळतं, तिथे तो आकडा बरोबर धरा.

डिसेंबरची थंडी हा वेगळा विषय आहे. शिकागोत किंवा न्यू जर्सीत बाहेर शून्याखाली तापमान आणि वारा असेल तर कोळसा दीडपट लागतो. ग्रिल वाऱ्याच्या आडोशाला घ्या, पण गॅरेजमध्ये, छपराखाली किंवा बंद पोर्चमध्ये कधीही नाही, दार उघडं असलं तरीही नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. घराच्या भिंतीपासून निदान दहा फूट अंतर ठेवा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आधी नियम वाचा, बाल्कनीत कोळशाला बहुतेक ठिकाणी मनाई असते. न्यूयॉर्कच्या पट्ट्यात साडेचारलाच अंधारतं, म्हणून डोक्याला बांधायचा दिवा हाताशी असू द्या. शेवटचं भाजणं अंधारात करायचं असतं आणि रंग दिसला पाहिजे.

मंद आंचेचे तास

रोस्ट फ्रिजमधून थेट ग्रिलवर ठेवा. दोन तास बाहेर काढून ठेवायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण एवढ्या जाड तुकड्याच्या मध्यभागी दोन तासांत जेमतेम काही अंशांचा फरक पडतो. शिवाय थंड पृष्ठभागावर धूर जास्त चांगला धरतो. कोळसा नसलेल्या बाजूला ट्रेच्या वर ठेवा, हाडं निखाऱ्यांच्या दिशेला. हाडं आडोसा देतात. थर्मामीटरची सळई बाजूने घाला, टोक मधल्या गोल स्नायूच्या बरोबर मध्यभागी, हाडापासून आणि चरबीच्या थरापासून दूर. हाडाला टेकली तर आकडा चुकीचा येतो, आणि या चुकीने सगळ्यात जास्त रोस्ट बिघडतात. खात्री करायला सळई थोडी आत-बाहेर करून बघा. जो सगळ्यात कमी आकडा दिसेल ती मध्यभागाची जागा.

मग झाकण लावा आणि ठेवा. झाकण उघडलं की गरम हवा जाते आणि निखाऱ्यांना एकदम हवा मिळून नंतर आंच भडकते. पाऊण-एक तासाने, थर्मामीटर २२५ च्या खाली घसरू लागला की दहा-बारा ब्रिकेट घाला, शक्यतो चिमणीत पेटवून. त्याच वेळी रोस्ट अर्धा फिरवून दुसरी बाजू निखाऱ्यांकडे करा. आंच २७५ च्या वर गेली तर खालची झडप थोडी मिटा आणि दहा मिनिटं थांबा. ग्रिल लगेच ऐकत नाही. मिनिटामिनिटाला झडप हलवणाऱ्याची आंच दिवसभर वरखाली होते.

तीन हाडांच्या रोस्टला या आंचेवर तीन ते चार तास लागतात. ‘पाउंडाला इतकी मिनिटं’ हे गणित मात्र सोडून द्या. उष्णता बाहेरून मध्यापर्यंत जाते, म्हणून वेळ ठरतो जाडीवर, लांबीवर नाही. सात हाडांचा रोस्ट तीन हाडांच्या दुप्पटीहून जड असतो, पण जाडी तीच असल्याने त्याला वेळ थोडाच जास्त लागतो. पहिल्या तासात आतला आकडा जेमतेम हलतो, त्याने घाबरून आंच वाढवू नका. नंतर दर दोन-तीन मिनिटांना एक अंश या गतीने चढू लागतो.

एवढी मंद आंच का, हे समजलं की बाकी सगळं सोपं होतं. ४५० अंशांच्या ओव्हनमध्ये रोस्ट भाजला तर मध्य १३० ला पोचेपर्यंत बाहेरचा इंचभर थर १६० च्या पलीकडे जातो. त्या तापमानाला स्नायूंतली प्रथिनं आकसून रस पिळून टाकतात, आणि कापल्यावर बाहेर जाड करडं कडं दिसतं, गुलाबी भाग मधे नाण्याएवढाच. मंद आंचेवर बाहेरचं आणि आतलं तापमान एकमेकांजवळ राहतं, त्यामुळे काठापासून काठापर्यंत जवळजवळ एकच गुलाबी रंग मिळतो. मंद आंचेला रंग येत नाही, ते काम शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवलं आहे.

उतरवायचं कधी

मध्यभागी ११५ ते ११८ अंश दिसले की उतरवा. नंतर आराम आणि कडक आंच मिळून बारा-पंधरा अंश वाढतात आणि ताटात १३० च्या आसपास, मीडियम रेअर, म्हणजे मधून गुलाबी आणि रसाळ मांस येतं. १४० ते १४५ ला मीडियम. १५५ च्या पुढे रिबचे पैसे वाया.

अमेरिकी कृषी खात्याची शिफारस गोमांसाच्या अख्ख्या तुकड्यांना १४५ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं आराम अशी आहे. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं जेवायला असतील तर तीच पाळा, निदान त्यांच्या वाट्याच्या कापांना. वर सांगितलेल्या टेंडराइज्ड तुकड्यालाही १४५ च. गुलाबी मांसातून ताटात उतरणारा लाल रस रक्त नसतो. तो मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा रंग आणि पाणी. पाहुण्यांना हे आधीच सांगितलं तर बरेच जण निर्धास्त खातात. तरीही कुणाला लाल नको असेल तर अख्खा रोस्ट जास्त शिजवू नका. त्यांचा काप उकळत्या बीफ स्टॉकमध्ये (हाडं उकळून केलेल्या पाण्यात) मिनिटभर बुडवा, तो लगेच करडा होतो आणि मऊही राहतो.

उतरवलेला रोस्ट फॉइलने सैल झाकून वीस ते तीस मिनिटं ठेवा. हाच वेळ कडक आंच तयार करायला. पाहुणे उशिरा येणार असतील तर इथेच थांबता येतं: फॉइलमध्ये गुंडाळून, जुन्या टॉवेलांत, रिकाम्या कूलरमध्ये (सहलीला बर्फ-पेयं नेतात त्या जाड पेटीत) तासभर सहज गरम राहतो. या पद्धतीची ही मोठी सोय आहे.

शेवटची दहा मिनिटं

चिमणी गच्च भरून पेटवा आणि सगळा कोळसा जुन्या निखाऱ्यांवर एकाच बाजूला ओता. झाकण काढलेलं, खालची झडप पूर्ण उघडी. जाळीपासून काही इंचांवर तळहात दोन सेकंदांपेक्षा जास्त धरवला नाही की आंच झाली. पाण्याचा ट्रे आधी काढा, पण त्यात साठलेली चरबी फेकू नका, बटाट्यांना ती सोन्यासारखी आहे.

रोस्टचा पृष्ठभाग पुन्हा टिपून कोरडा करा आणि लांब चिमट्याने निखाऱ्यांवर ठेवा. दर मिनिट-दीड मिनिटाला फिरवा: एक बाजू, दुसरी बाजू, दोन्ही टोकं, आणि चरबीची बाजू सगळ्यात शेवटी, कारण ती उलटली की भडका उठणारच. भडका उठला तर रोस्ट लगेच कोळसा नसलेल्या बाजूला सरकवा आणि क्षणभर झाकण लावा. पाणी मारू नका, राख उडून मांसावर बसते आणि गरम चरबी अंगावर येते. पिवळ्या ज्वाळेत मांस काळं होतं, ते काजळीमुळे, आणि काजळी कडवट लागते. हवा आहे तो गडद तपकिरी रंग आणि चरबीच्या चिरांच्या कडा कुरकुरीत. आठ-दहा मिनिटांत काम होतं. त्यापुढे थांबलात तर मंद आंचेने कमावलेला गुलाबीपणा बाहेरून जायला लागतो.

आता परत आराम द्यायची गरज नाही, तो आधीच झाला आहे. थेट फळीवर घ्या. दोरे कापा, हाडं बाजूला करा, आणि लांब धारदार सुरीने अर्ध्या ते पाऊण इंचाचे काप करा. सुरी पुढे-मागे लांब हाताने चालवा, दाबू नका. कापांवर चिमूटभर जाड मीठ टाका, कारण मधल्या भागात मीठ कमी असतं.

सहाला जेवायचं असेल तर उलटा हिशेब असा: बाराच्या सुमारास कोळसा पेटवायचा, साडेबाराला मांस जाळीवर, चार ते साडेचारला उतरवायचं, सव्वापाचला चिमणी, साडेपाच ते पावणेसहा कडक आंच, मग कापणं. मधे पाऊण तास मोकळा ठेवला आहे. थंडीत तो लागतोच, आणि नाही लागला तर कूलर आहे.

गॅसचं ग्रिल असेल तर

एका टोकाचा एकच बर्नर लावा, रोस्ट दुसऱ्या टोकाला, बाकी आंच आणि आकडे तेच. पेटत्या बर्नरवर लाकडाचे तुकडे फॉइलच्या भोकं पाडलेल्या पुडीत ठेवले तर थोडा धूर मिळतो. शेवटी सगळे बर्नर पूर्ण करा आणि झाकण लावून दहा मिनिटं जाळी तापवा. कडाक्याच्या थंडीत टाकीतला दाब कमी होतो, त्यामुळे अर्धी रिकामी टाकी घेऊन बसू नका. गॅसवर कडक आंच पुरेशी येत नसेल तर बिडाच्या मोठ्या तव्यावर, स्वयंपाकघरात पंखा लावून, शेवटचं भाजणं करता येतं.

सोबत काय

हॉर्सरॅडिशचा, म्हणजे मोहरीसारख्या झणझणीत मुळाचा सॉस ही याची ठरलेली जोडी. एक कप सावर क्रीम, पाव कप बाटलीतलं किसलेलं हॉर्सरॅडिश, एक चमचा डिजाँ मोहरी, थोडा लिंबाचा रस, मीठ. आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवला तर चव मुरते. तिखट खाणाऱ्यांसाठी त्यात बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि कोथिंबीर चांगली लागते. ट्रेमधलं पाणी सरळ ग्रेव्ही म्हणून वाढू नका, चार तास धूर खाऊन ते बहुधा कडवट झालेलं असतं. आधी चव बघा. वरची चरबी काढून उकडलेल्या बटाट्यांना चोळा आणि ४२५ अंशांच्या ओव्हनमध्ये पाऊण तास भाजा. तीच चरबी इंग्रजी पद्धतीच्या यॉर्कशर पुडिंगलाही, म्हणजे अंडी-मैद्याच्या फुगणाऱ्या भाजलेल्या पदार्थालाही, लागते.

बऱ्याच मराठी घरांत एकाच टेबलावर गोमांस न खाणारेही असतात. त्यांची मक्याची कणसं, पनीर, भाज्या रोस्टच्या आधी, स्वच्छ जाळीवर आणि वेगळ्या चिमट्याने करून घ्या. चरबी गळलेल्या जाळीवर नंतर करून ‘धुतली आहे’ म्हणणं योग्य नाही. कापायची फळी आणि सुरीही वेगळी असू द्या. बटाट्यांचा एक ट्रे चरबीऐवजी तेलात करा आणि दोन्ही ट्रे टेबलाच्या दोन टोकांना ठेवा.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, आणि तीन-चार दिवसांत संपवावं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर ते लगेच चिवट होतं. पातळ काप करून थंडच सँडविचमध्ये घाला, किंवा गरम स्टॉकमध्ये अर्धा मिनिट बुडवून खा. काढलेल्या बरगड्या जेवण चालू असताना मंदावत्या निखाऱ्यांवर परत ठेवा, वीस मिनिटांत त्यांच्यावरचं मांस कुरकुरीत होतं. नंतर त्याच हाडांचा कांदा, गाजर, मिरी घालून चार तास उकळलेला स्टॉक निघतो. राख दुसऱ्या दिवसाआधी कचऱ्यात टाकू नका. झाकण आणि दोन्ही झडपा बंद करून ग्रिल तसंच राहू द्या, आणि काढताना पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात काढा. आत दडलेला एखादा निखारा चोवीस तासांनंतरही जिवंत असू शकतो.